एका 'यूज्ड टू'मुळे हुकलेला इंटरव्ह्यू

पार्श्वभूमी

मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते, ऑनलाइन, एका वेळी एकालाच. बरेचसे नोकरी करणारे असतात, मराठीतून शिकलेले, इंग्रजी वाचता येतं, मेल लिहिता येतात, पण तोंड उघडायची वेळ आली की अडतात. हे प्रकरण त्यातल्याच एका विद्यार्थिनीचं आहे. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय आणि कामाचे काही तपशील बदललेत, वाक्यं मात्र तिची तशीच ठेवलीत कारण सगळा घोळ वाक्यांतच आहे.

ती पस्तिशीच्या आसपासची. पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात ८ वर्षं काम करतेय, चिडलेल्या ग्राहकांचे फोन, वरपर्यंत गेलेल्या तक्रारी (यांनाच एस्कलेशन म्हणतात), नवीन आलेल्या मुलांचं ट्रेनिंग, सगळं तीच बघते. माझ्याकडे आली ती एक इंटरव्ह्यू हुकल्यावर. दुसऱ्या एका कंपनीत टीम लीडची जागा होती, अनुभव अगदी हवा तसा, आणि नकाराच्या मेलमध्ये काय लिहून आलं तर आम्हाला सध्या स्वतः ग्राहकांशी बोलणारी व्यक्ती हवी आहे.

"मॅडम, मी आज सकाळीसुद्धा ४ एस्कलेशन निस्तरून आलेय," ती मला म्हणाली. "मग मी ते काम करत नाही असं त्यांना वाटलंच कसं?"

मी तिला म्हटलं इंटरव्ह्यूत काय झालं ते आठवेल तसं सांगा, त्यांचे प्रश्न आणि तुमची उत्तरं, जशीच्या तशी. तिला बरंच आठवत होतं, मनाला लागलं की माणसाला शब्द न शब्द आठवतो.

त्यांनी विचारलं होतं की सध्याच्या नोकरीत तुम्ही काय करता. ती म्हणाली, "आय यूज्ड टू हँडल एस्कलेशन्स. आय यूज्ड टू टॉक टू अँग्री कस्टमर्स एव्हरी डे. आय यूज्ड टू ट्रेन न्यू पीपल."

त्यावर समोरच्याने विचारलं, "अँड हू डझ दॅट नाऊ?"

तिला वाटलं की टीममध्ये अजून कोण कोण आहे असं विचारतायत, म्हणून ती म्हणाली, "माय टीम." मग तो म्हणाला, "सो व्हॉट डू यू डू?" आणि ती घाबरली, आपला आवाज पोचला नाही की काय असं वाटून तिने तेच वाक्य परत, जरा ठासून सांगितलं, "सर, आय यूज्ड टू हँडल एस्कलेशन्स."

म्हणजे ती सांगत होती की मी हे करत असते, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येत होतं की मी हे पूर्वी करायचे, आता करत नाही. तीनदा विचारून त्याने तीनदा तेच ऐकलं. त्याची काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या तासाला मी एक नकली इंटरव्ह्यू घेतला आणि तिच्या परवानगीने रेकॉर्ड केला, साधारण १० मिनिटांचा. नंतर बसून 'यूज्ड टू' मोजलं. १९ वेळा आलं होतं. त्यातलं खरोखरच्या जुन्या गोष्टीसाठी ५ वेळा, बाकी १४ वेळा आज चालू असलेल्या कामासाठी. त्या पाचातली दोन वाक्यं पुन्हा वेगळ्या कारणाने चुकलेली, एक होतं "आय यूज्ड टू वर्क देअर फॉर थ्री इयर्स" आणि दुसरं "आय यूज्ड टू गो टू हेड ऑफिस ट्वाइस", त्यांच्याकडे पुढे येते.

आणि एक वाक्य या मोजणीत नव्हतं पण मला खटकलं, "आय अ‍ॅम यूज्ड टू हँडल प्रेशर." तिला म्हणायचं होतं की मला ताणाची सवय आहे.

तर एकाच मुलाखतीत तीन वेगळे अर्थ एकाच आवाजात येत होते: मी करत असते, मी करायचे, मला सवय आहे. ऐकणाऱ्याने काय समजायचं? एकेक चूक सुटी सुटी असती तर कदाचित त्याने आपल्या मनाने दुरुस्त करून घेतलं असतं, आपण परक्या माणसाची भाषा ऐकताना घेतोच की तसं, पण इथे चुकीचं वाक्यसुद्धा व्याकरणाने अगदी बरोबर होतं. "आय यूज्ड टू हँडल एस्कलेशन्स" या वाक्यात काय चूक आहे? काहीच नाही. फक्त ते खोटं होतं. मोडक्या वाक्यावर लोक थांबतात, विचारतात, पण धडधडीत बरोबर वाक्यावर विश्वास ठेवतात, आणि म्हणून ही चूक इतर चुकांपेक्षा जास्त महागात पडते.

असं का होतं

हे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण ही चूक करणारे मी खूप बघितलेत आणि त्यांना सरळ 'लक्ष नाही' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यामागे कारण आहे आणि ते मराठीत आहे.

शाळेत आपण मराठी व्याकरणात रीतिकाळ शिकलो. "मी लिहीत असतो" हा रीतिवर्तमान, "मी लिहीत असे" हा रीतिभूत. बोलताना लिहीत असे कुणी म्हणत नाही, "लिहायचो, लिहायचे" म्हणतो, पण पुस्तकात ते 'असे' आहे. आता इंग्रजीत भूतकाळातल्या रीतीसाठी 'यूज्ड टू' आहे, पण वर्तमानातल्या रीतीसाठी वेगळं असं काही रूपच नाही, साधा वर्तमानकाळच तिथे चालतो. "आय हँडल एस्कलेशन्स." झालं. आपल्या कानाला ते अर्धवट वाटतं. "मी हाताळते" एवढंच झालं, ते 'असते' कुठे गेलं? त्या 'असते'साठी काहीतरी हवं म्हणून हात जातो शेजारच्या खणात, आणि तिथे 'यूज्ड टू' ठेवलेलं असतं. काही जण त्याऐवजी "आय अ‍ॅम हँडलिंग" म्हणतात, तीसुद्धा ती रिकामी जागा भरायचीच धडपड.

त्यात भर पडते एका शब्दाची, 'सवय'. आपल्याला शिकवताना काय सांगतात, 'यूज्ड टू' म्हणजे भूतकाळातली सवय. मुलं 'सवय' तेवढं लक्षात ठेवतात, 'भूतकाळातली' गळून पडतं. आणि मुळात सवय हा शब्द तिथे बसतच नाही! "देअर यूज्ड टू बी अ ट्री हिअर" यात कुणाची कसली सवय आहे? झाड होतं, आता नाही, एवढंच. माझं स्पष्ट मत झालंय की 'यूज्ड टू' हे सवय सांगत नाही, ते सांगतं की गोष्ट होती आणि आता नाही. सवय असेल किंवा नसेल, तो योगायोग.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते ती इथेच सांगते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत हे क्रियापद वर्तमानकाळातही चालायचं, 'मी हे करत असतो' याच अर्थाने. पुढे ते वर्तमानाचं रूप वापरातून गेलं आणि भूतकाळाचं तेवढं मागे राहिलं. म्हणजे माझी विद्यार्थिनी जे रूप शोधत होती ते इंग्रजीत एकेकाळी होतं, ती काही अगदी अशक्य गोष्ट मागत नव्हती. हे तिला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला.

समोर असलेले पर्याय

पुढचा इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर होता. आठवड्याला तीन तास, म्हणजे एकूण नऊ. मला तीन रस्ते दिसत होते.

एक, 'यूज्ड टू' वापरायचंच नाही. आजच्या गोष्टीला साधा वर्तमान, कालच्या गोष्टीला साधा भूतकाळ, हवं तर 'यूज्वली' किंवा 'एव्हरी डे' जोडायचं. "इन माय फर्स्ट जॉब आय आन्सर्ड फिफ्टी कॉल्स अ डे." याच्यात काडीची चूक नाही, इंग्रजीत साधा भूतकाळ सवयीलाही चालतो, स्थितीलाही चालतो, एकदा झालेल्या गोष्टीलाही चालतो. सगळ्यात सुरक्षित रस्ता. पण ३५ वर्षांच्या हुशार बाईला एक अख्खी रचना बंद करून टाका म्हणायचं हे मला बरोबर वाटेना.

दोन, सगळं नीट, व्यवस्थित, एकदाच शिकवायचं. यूज्ड टू, वुड, बी यूज्ड टू (सवय असणं), गेट यूज्ड टू (सवय होत जाणं), नकार, प्रश्न, सगळं.

तीन, इंग्रजी बाजूला ठेवून आधी मराठीतच अर्थ वेगळे करायचे आणि मग एकेकाला इंग्रजी रूप द्यायचं. याला वेळ किती लागेल ते मला माहीत नव्हतं, आणि तीन आठवड्यांत त्यातलं किती तोंडात बसेल याची खात्री नव्हती.

मी दुसरा रस्ता घेतला. तो चुकला.

पहिला आठवडा

मी एक तक्ता करून दिला. चार रचना, प्रत्येकीसमोर अर्थ, रूप, उदाहरण, नकार, प्रश्न. छान दिसत होता, तिने तो पाठही केला, दुसऱ्या तासाला विचारलेल्या प्रत्येक नियमाचं उत्तर तिने दिलं. आणि मग परत नकली इंटरव्ह्यू घेतला तर ती बोलेचना. प्रत्येक वाक्याआधी दोन-तीन सेकंद थांबायची, डोळे वर, तक्त्यात शोधायची. जी बाई दिवसभर फोनवर बोलते ती माझ्यासमोर एकेक शब्द चाचपत होती.

तिसऱ्या तासाला अजून एक झालं. 'यूज्ड टू' चुकतंय हे इतकं मनावर घेतलं होतं की तिने ते पूर्ण सोडलं आणि त्याच्या जागी सगळीकडे 'वुड' घालायला लागली, कारण तक्त्यात लिहिलं होतं की वुडसुद्धा भूतकाळातल्या सवयीसाठी चालतं. "आय वुड हॅव अ व्हेरी स्ट्रिक्ट मॅनेजर. आय वुड लिव्ह निअर द ऑफिस." हे ऐकणाऱ्याला काय वाटेल? 'माझा मॅनेजर कडक असता, मी ऑफिसजवळ राहिले असते', म्हणजे एक 'जर' कुठेतरी राहून गेलाय असं. आधीचं वाक्य निदान चुकीचा का होईना, अर्थ देत होतं.

त्या रात्री मी तिचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि मला कळलं की मी तिला चार उत्तरं दिली होती पण प्रश्न एकही दिला नव्हता. बोलताना माणूस तक्ता बघत नाही. त्याला मनात विचारता येईल असा एक छोटा प्रश्न लागतो, आपल्या भाषेतला, आणि तो लगेच सुटला पाहिजे.

मधला निर्णय

चौथ्या तासाला मी तक्ता बंद करायला सांगितला आणि आठवडाभरासाठी पहिला रस्ता घेतला, मलमपट्टी म्हणून. फक्त साधा वर्तमान आणि साधा भूतकाळ. तिला जरा वाईट वाटलं, मागे नेताय का म्हणून विचारलं तिने, मी म्हटलं नाही, बोलणं परत सुरू व्हायला हवं, ते अडलंय ते आधी मोकळं करूया. आणि झालं तसं, दोन तासांत ती परत वेगाने बोलायला लागली. "आय हँडल एस्कलेशन्स. आय ट्रेन न्यू पीपल." एवढ्यानेच मूळ इंटरव्ह्यूतली ९० टक्के अडचण संपली होती, खरं सांगायचं तर.

मग तिसरा रस्ता धरला, तोही तुकड्यातुकड्याने.

मराठीतून परत

मी तिला तिच्याच कामाबद्दलची २० मराठी वाक्यं लिहून आणायला सांगितली, पुस्तकातली नकोत, तिची. काही आजच्या कामाची, काही पहिल्या नोकरीची. आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: अजून करता का?

"मी रोज सकाळी आधी जुन्या तक्रारी बघते." अजून करता का? हो. मग साधा वर्तमान, विषय संपला. "मी सगळं वहीत लिहून ठेवायचे." अजून करता का? नाही, आता सिस्टीममध्ये. मग 'यूज्ड टू'. "आय यूज्ड टू राइट एव्हरीथिंग इन अ नोटबुक." आणि बघा, हे वाक्य बोलल्यावर ऐकणारा आपोआप विचारेल की मग आता काय करता, म्हणजे ही रचना पुढच्या वाक्याची वाट मोकळी करते. "नाऊ आय यूज द सिस्टीम." इंटरव्ह्यूत ही जोडी फार उपयोगी, बदल कसा झाला ते दोन वाक्यांत कळतं.

तिने एक चांगला प्रश्न विचारला: आधी करायचे आणि अजूनही करते असं असेल तर? असं म्हणता येतं, "आय यूज्ड टू टेक कॉल्स मायसेल्फ, अँड आय स्टिल डू." पण ते 'स्टिल डू' उच्चारून सांगावं लागतं, नाही सांगितलं तर माणूस 'आता नाही' असंच धरून चालतो.

मग दुसरा प्रश्न: आकडा आहे का? किती वर्षं किंवा एकूण किती वेळा असा मोजून संपलेला आकडा वाक्यात आला की 'यूज्ड टू' नको. "आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स." "आय वेंट टू हेड ऑफिस ट्वाइस." पण "ट्वाइस अ वीक" असेल तर चालेल, "आय यूज्ड टू गो ट्वाइस अ वीक", कारण तिथे एकूण बेरीज सांगितलेली नाही, नेम सांगितलाय. मराठीतही बघा, आपण "मी दोनदा गेले" म्हणतो, "मी दोनदा जायचे" म्हणत नाही, पण "आठवड्यातून दोनदा जायचे" म्हणतो. हे तिला एका मिनिटात कळलं. तक्त्यातून दोन दिवसांत कळलं नव्हतं.

उच्चाराचंही थोडं. 'वापरला' या अर्थाचं यूज्ड हे 'यूझ्ड' असं, झ च्या आवाजाने म्हणतात. 'यूज्ड टू'मध्ये मात्र स चा आवाज येतो, आणि दोन्ही शब्द चिकटून जवळजवळ 'यूस्टू' होतं. ती ते दोन शब्द सुटे, ठासून म्हणायची, त्यामुळे 'वापरला'चा भास व्हायचा. यूस्टू एकदा जिभेवर बसलं की वाक्य हलकं होतं. आणि या चिकटण्यामुळेच लिहिताना घोळ होतो, नकारात आणि प्रश्नात 'डिड' आलं की यूज्डचा शेवटचा डी जातो, "आय डिडन्ट यूज टू", "डिड यू यूज टू", पण आवाज दोन्हीकडे तोच, त्यामुळे कानाने लिहिणारा तिथे डी ठेवतोच. बोलताना याची काळजी करायची गरजच नाही, ऐकू येत नाही ते. शिवाय बोलण्यात नकारासाठी "आय नेव्हर यूज्ड टू" जास्त सहज येतं, मी तिला तेच दिलं.

वुडचा गोंधळ सोडवताना

हे शेवटच्या आठवड्यात घेतलं आणि यात मलाही नवीन काही सापडलं.

वुड हे विलचं भूतकाळी रूप. आणि विल फक्त भविष्य सांगत नाही, स्वभाव आणि नेहमीचं वागणंही सांगतं. मराठीत तसंच आहे, आपल्या लक्षात येत नाही इतकंच. कुणाचं वागणं रंगवून सांगताना आपण म्हणतो ना, "ती काय करेल, फोन उचलेल, दोन मिनिटं नुसतं ऐकून घेईल, मध्ये एक शब्द बोलणार नाही, आणि मग हळूच विचारेल." हे सगळं भविष्याच्या रूपात आहे पण बोलतोय नेहमीच्या वागण्याबद्दल. तेच मागे नेलं की इंग्रजीत वुड. "शी वुड पिक अप द फोन, शी वुड लिसन फॉर टू मिनिट्स, अँड देन शी वुड आस्क."

म्हणजे वुड हा गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द. तो एकटा दारात उभा राहू शकत नाही, आधी काळ सांगावा लागतो, इन माय फर्स्ट जॉब, व्हेन आय वॉज न्यू, किंवा एक 'यूज्ड टू'चं वाक्य, आणि मग त्याच्या मागून वुड, वुड, वुड. काळ न सांगता "आय वुड कॉल द कस्टमर" म्हटलं की ऐकणारा त्याचा अर्थ 'मी फोन करेन' किंवा 'केला असता' असा लावतो.

आणि वुड क्रियेला लागतं, स्थितीला नाही. राहणं, असणं, आवडणं, माहीत असणं, यांना 'यूज्ड टू' किंवा साधा भूतकाळ. इथे ती अडली, म्हणाली मॅडम, पण "ही वुड बी टायर्ड एव्हरी इव्हनिंग" असं मी ऐकलंय. खरंच, ते बरोबर आहे. आणि "ही वुड बी शाय अ‍ॅज अ चाइल्ड" नाही चालत, तिथे "ही यूज्ड टू बी शाय". का?

मी दोन्ही मराठीत म्हणून बघितली. "तो रोज संध्याकाळी दमलेला असायचा." "तो लहानपणी लाजाळू होता." असायचा आणि होता! आपण लाजाळू 'असायचा' म्हणत नाही, कारण लाजाळूपणा दिवसाआड येत-जात नाही, तो सलग असतो. दमणं मात्र रोज येतं, रोज जातं. जिथे आपण 'असायचा' म्हणतो तिथे बहुतेक वेळा वुड बी चालतं, जिथे 'होता' म्हणतो तिथे नाही. दरवेळी टिकेल असा पक्का नियम म्हणून मी हे सांगणार नाही, पण तिला बोलताना लगेच विचारता येईल असा प्रश्न तो झाला आणि तिच्या वाक्यांपुरता एकदाही फसला नाही. तिचा कडक मॅनेजर? "माझा मॅनेजर कडक होता." होता. मग वुड नाही.

"आय अ‍ॅम यूज्ड टू" सगळ्यात शेवटी, आणि मुद्दाम वेगळ्या तासाला. यातलं 'टू' निराळं आहे, त्याच्यापुढे नाम येतं किंवा आयएनजीवालं रूप, "आय अ‍ॅम यूज्ड टू प्रेशर", "आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अंडर प्रेशर". मराठीत 'ताणाची सवय', 'ताणात काम करण्याची सवय', म्हणजे आपलं 'ची' तिथे बसतं आणि 'ची'च्या आधी आपणही 'करण्या' असंच नामासारखं रूप लावतो. इथे मात्र सवय हा शब्द एकदम बरोबर, आणि म्हणूनच मी तिला सांगितलं की सवय हा शब्द आता फक्त या रचनेसाठी राखून ठेवा.

परिणाम

दुसऱ्या इंटरव्ह्यूनंतर तिने मला लगेच फोन केला. सध्याच्या कामाबद्दल सगळं साध्या वर्तमानात बोलली होती. 'यूज्ड टू' दोनदाच वापरलं, एकदा वहीचं वाक्य आणि एकदा "आय यूज्ड टू टेक एव्हरी अँग्री कॉल पर्सनली", आणि त्यावर समोरच्या बाईंनी विचारलं की मग बदललं कसं. तो प्रश्न तिला हवाच होता, पुढची पाच मिनिटं ती मनापासून बोलली. एका ठिकाणी "आय वुड हॅव अ बिग टीम" निसटलं, कुणाला अडलं नाही.

नोकरी मिळाली. ती व्याकरणामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, अनुभव तिचा होता, पहिल्या वेळीही होता. यावेळी तो समोरच्यापर्यंत पोचला.

पुन्हा करायचं झालं तर

तक्ता देणार नाही, निदान पहिल्या दिवशी नाही. तो पहिला आठवडा वाया गेला आणि तिचा आत्मविश्वास आणखी खाली गेला, याचं मला वाईट वाटतं कारण ती आधीच खचून आली होती.

मलमपट्टी पहिल्याच तासाला करायला हवी होती. आजचं काम साध्या वर्तमानात सांगा, एवढं एक वाक्य मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर उरलेले आठ तास निवांत मिळाले असते. मला तेव्हा वाटलं की हे फार सोपं आहे, एवढंच कसं सांगायचं. सोपं होतं म्हणूनच ते आधी सांगायला हवं होतं.

वुड या तीन आठवड्यांत घ्यायलाच हवं होतं का, याबद्दल माझं अजून नक्की होत नाही. इंटरव्ह्यूला त्याची गरज नव्हती, साध्या भूतकाळाने भागलं असतं. पण ते तक्त्यातून मीच तिच्या हातात दिलं होतं आणि ती ते चुकीचं वापरत होती, अर्धवट ठेवणं मला धोक्याचं वाटलं. दुसरा कुणी शिक्षक असता तर कदाचित पुसून टाक म्हणाला असता आणि तेही बरोबर ठरलं असतं.

आणि एक, मी तिला समोरचा परत विचारतोय म्हणजे काय हे शिकवलंच नाही. "हू डझ दॅट नाऊ?" या प्रश्नातच सगळी खूण होती. समोरचा माणूस 'नाऊ' म्हणतोय म्हणजे आपलं वाक्य त्याला भूतकाळाचं वाटलंय, तिथेच थांबून "आय डू, आय डू दॅट एव्हरी डे" एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. आता नवीन विद्यार्थ्यांबरोबर हा सराव मी सुरुवातीलाच घेते, चूक झाल्यावर ती समोरच्याच्या प्रश्नातून ओळखायची कशी, ते.

तिचे तास अजून चालू आहेत, आठवड्यातून एक. परवा तिचा मेसेज आला, नवीन कामाच्या वेळा वेगळ्या आहेत म्हणून लिहिलं होतं, "आय अ‍ॅम स्टिल गेटिंग यूज्ड टू इट. आय यूज्ड टू स्लीप अ‍ॅट टेन, नाऊ आय स्लीप अ‍ॅट वन." गेट यूज्ड टू मी तिला शिकवलं नव्हतं, तक्त्यात तेवढं होतं, तिने कधीतरी परत उघडून बघितला असणार. खाली अजून एक ओळ होती, "आय डिडन्ट यूज्ड टू ड्रिंक कॉफी", डी तिथेच. तो या शनिवारी घेतोय.